रोजच्या वापराच्या ई-सायकलला कोणत्या जोडवस्तू घ्याव्यात आणि त्या कशा बसवाव्यात?

धायरीवासी

नमस्कार. धायरी ते शिवाजीनगर हा कार्यालयाचा रोजचा प्रवास स्कूटरऐवजी सायकलने करायचा, असे ठरवून मी नुकतीच ई-सायकल घेतली आहे. मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटार, फ्रेमच्या तिरक्या नळीवर किल्लीने अडकणारी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शनचा फोर्क आणि २७.५ इंची चाके अशी तिची रचना आहे. चालवायला ती उत्तम आहे. परंतु मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, मागचा दिवा, आरसा यांपैकी काहीही तिच्यासोबत आलेले नाही. दुकानदाराने सगळा संच एकदम बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र त्या संचातील वस्तू माझ्या सायकलच्या मापाच्या आहेत का, याचे समाधानकारक उत्तर त्याच्याकडून मिळाले नाही.

मृग तोंडावर आला आहे. लॅपटॉप, डबा आणि रेनकोट एवढे सामान रोज न्यायचे असते, आणि परतताना बहुधा अंधार पडलेला असतो. माझे मत असे आहे की, सामान पाठीवर न घेता सायकलवर ठेवावे आणि दिव्यांसाठी मुख्य बॅटरीच वापरावी. या दोन्ही बाबतींत जाणकारांचे मत हवे आहे. शिवाय कोणत्या वस्तू आधी घ्याव्यात, कोणत्या मागाहून घेतल्या तरी चालतील, आणि मोटार मागच्या चाकात असल्यामुळे बसवताना वेगळी काळजी कोणती घ्यावी, हेही कृपया सांगावे.

मुळाकाठ

पावसाळा जवळ आला असेल तर पहिला मान मडगार्डचा. साध्या सायकलला मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाची रेघ उमटते, इतकेच. ई-सायकलच्या बाबतीत मागच्या चाकाने उडवलेले पाणी आणि रेती मोटारीच्या केबलच्या जोडावर, पुढच्या चाकाने उडवलेला चिखल पेडलजवळच्या सेन्सरवर आणि बॅटरीच्या बैठकीवर सतत आपटत राहते. जोड कितीही पाणीरोधक असला तरी रोजचा असा मारा टाळलेलाच बरा.

मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या. सीटच्या नळीला अडकवायचे आखूड प्लास्टिकचे पाते पाठ वाचवते, पण खालचा भाग उघडाच ठेवते. पुढच्या मडगार्डाची खालची कड जमिनीच्या जितकी जवळ येईल तितके चांगले, कारण पेडलच्या भागावर येणारा चिखल तिथूनच उडतो. त्या कडेला जाड रबराची पट्टी दोन स्क्रूने जोडली की काम होते.

तुमच्याकडे सस्पेन्शनचा फोर्क असल्याने एक गोष्ट विशेष जपावी लागेल. पुढच्या मडगार्डाचे सगळे आधार फोर्कच्या खालच्या, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या भागावरच हवेत. एक आधार वरच्या स्थिर भागावर आणि दुसरा खालच्या भागावर घेतला, तर खड्ड्यात फोर्क दबताच मडगार्ड टायरवर टेकते, आणि पुढचे चाक अडकणे ही गंभीर गोष्ट आहे. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये निदान बोटभर जागा राहू द्या, म्हणजे चिकट माती भरली तरी चाक फिरत राहील.

सह्यवारा

मुळाकाठ यांच्याशी सहमत. मडगार्ड आधी, बाकी सगळे नंतर.

विजेरी

आधी काय घ्यावे याची चर्चा होईलच. पण त्याही आधी सायकल उजेडात उभी करून नीट पाहावी, असे मी सुचवेन. जोडवस्तूंच्या खोक्यावर 'सर्व सायकलींना चालेल' असे छापलेले असते. त्यावर विसंबून खरेदी केली की घरी आल्यावर बोल्टला जागा सापडत नाही.

मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखालच्या दोन बारीक नळ्यांवर आटे पाडलेली भोके आहेत का, ते पाहा. बहुतेक सायकलींवर ती एम ५ मापाची असतात. ती असतील तर कॅरिअर आणि मडगार्ड थेट बसते. नसतील तर रबराचे अस्तर असलेल्या पट्टीच्या क्लिपा नळीभोवती आवळून काम भागवता येते, पण मग भार कमी ठेवावा लागतो. फक्त सीटच्या नळीला एका ठिकाणी आवळायचे जे कॅरिअर मिळते, ते साधारण ९-१० किलोपर्यंतचेच असते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हळूहळू फिरते. रोजच्या लॅपटॉपसाठी ते घेऊ नये.

त्यानंतर बॅटरी काढून बघा. ती कुठल्या दिशेने सरकून बाहेर येते, वर किती जागा लागते, किल्लीला हात कसा पोहोचतो, हे ध्यानात ठेवा. पाण्याच्या बाटलीची जाळी, त्रिकोणी फ्रेम-बॅग, हवा भरण्याचा पंप या वस्तू लोक त्याच जागेत बसवतात आणि मग बॅटरी काढण्यासाठी रोज आधी त्या काढाव्या लागतात.

तिसरी गोष्ट म्हणजे मोटारीची केबल. आसातून बाहेर पडून ती मागच्या आडव्या नळीवरून पुढे जाते. स्टँडचा पट्टा, कॅरिअरचा पाय किंवा मडगार्डाची तार यांपैकी काहीही तिच्यावर आवळले जाता कामा नये. केबल आसातून निघाल्यावर आधी थोडी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या वळणावरून गळून पडते. ती सरळ वर ओढून बांधली, तर तेच पाणी केबलवरून आसाच्या भोकात उतरते. दुकानात जोडवस्तू बसवताना नीटनेटके दिसावे म्हणून ही केबल अनेकदा ताणून बांधतात. ते शेजारी उभे राहून पाहावे.

धायरीवासी

विजेरी यांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी पाहणी केली. आसाजवळ दोन्ही बाजूंना एकेक आणि वर सीटच्या खाली दोन, अशी एकूण चार भोके आहेत. मात्र डावीकडे डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा भाग, नळीच्या बाहेर आला आहे आणि सरळ पायाचे कॅरिअर त्यावर आपटेल असे दिसते. दुकानदार म्हणतो की पाय थोडा वाकवून बसवून देतो. हे योग्य आहे का?

करवीर

पाय वाकवू देऊ नका. ॲल्युमिनियमचा पाय थंड अवस्थेत वाकवला की वाकलेल्या जागी तो कमकुवत होतो, आणि रोजच्या हादऱ्यांनी तडा तिथूनच जातो. डिस्क ब्रेकसाठी मुळातच बाहेरच्या बाजूला वळवलेल्या पायांची कॅरिअर मिळतात. थोडा शोध घेतला तर ती नक्की सापडतात.

दुसरा मार्ग म्हणजे पाय आणि फ्रेम यांच्यामध्ये धातूची छोटी नळी घालून लांब बोल्ट वापरणे. हे चालते, परंतु बोल्टवर येणारा ताण त्यामुळे वाढतो. नळी जितकी लांब, तितका बोल्ट वाकण्याचा संभव अधिक. म्हणून १०-१५ मिलिमीटरच्या वर जाऊ नये, बोल्ट चांगल्या प्रतीचा असावा आणि तो भोकात पूर्ण आट्यांनी बसावा. तुम्ही पुण्यातच आहात, तर बोहरी आळीत हव्या त्या लांबीचा स्टेनलेस स्टीलचा एम ५ बोल्ट, वायसर आणि नायलॉनचे कडे असलेला नट सुटा मिळेल. कॅरिअरच्या खोक्यात येणारे बोल्ट मी बदलूनच टाकतो.

बसवून झाल्यावर बोल्टचे आतले टोक पाहा. ते उजवीकडे चेनला किंवा सर्वांत लहान दातेरी चक्राला आणि डावीकडे डिस्कला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून आणि सगळे गिअर बदलून तपासावे लागते.

उत्रेख्तनिवासी

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे सामान सायकलवरच न्यायचे असते, पाठीवर नव्हे, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या बॅगा आणि वर रबरी पट्टे, ही इथली सर्वसामान्य रचना. धागाकर्त्यांच्या पहिल्या मताला त्यामुळे माझे पूर्ण समर्थन आहे. वजन खाली राहते, पाठ ओली होत नाही आणि वळताना तोल बिघडत नाही.

बॅग घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. कॅरिअरवर कोरलेली भारमर्यादा. चांगल्या मागच्या कॅरिअरवर ती बहुधा २५ किलो असते. बॅगेचे आकडे कॅरिअरच्या सळईच्या जाडीला घट्ट बसतात का. सैल आकडा खड्ड्यात उसळून सुटतो. आणि पेडल मारताना टाच बॅगेला लागते का. लागत असेल तर बॅग मागे सरकवावी लागते, म्हणून लांब कॅरिअर सोयीचे. पाऊस असेल तर तोंड गुंडाळून बंद करायची, शिवण नसलेल्या कापडाची बॅग घ्यावी. वरून घालायचे पावसाळी कव्हर खालच्या बाजूने उघडे असते, आणि सायकलवर पाणी खालूनच येते.

गोदाकाठ

येथे मी आदरपूर्वक असहमती नोंदवतो. उत्रेख्तमध्ये सायकलींचे वेगळे रस्ते आहेत. आमच्या नाशिकला आणि पुण्यालाही सायकल दोन रिक्षांच्या फटीतून न्यावी लागते. दोन्ही बाजूंना बॅगा लावल्या की सायकलची रुंदी वाढते आणि ती वाढली आहे हे चालवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. पार्किंगमध्ये दाटीवाटीने लावलेल्या स्कूटरींच्या हँडलांमध्ये बॅगेचे पट्टे अडकतात. मी कॅरिअरवर झाकणाचा चौकोनी डबा बोल्टने पक्का केला आहे. लॅपटॉप त्यात आडवा राहतो, खाली फोमची गादी घातली आहे, आणि दुकानात शिरताना कुलूप लावून निश्चिंत जाता येते.

उत्रेख्तनिवासी

गोदाकाठ, रुंदीचा मुद्दा मान्य आहे. त्यावर उपाय म्हणून एकच बॅग लावावी आणि ती डाव्या बाजूला लावावी, कारण भारतात वाहने उजवीकडून पुढे जातात. डब्याबद्दल मात्र एक शंका आहे. लॅपटॉप, डबा, रेनकोट आणि स्वतः ती पेटी असे सात-आठ किलो वजन चाकाच्या वर जाते. सायकल हाताने ढकलताना आणि स्टँडवर लावताना ते जाणवत नाही का?

गोदाकाठ

जाणवते, हे खरे आहे. चालवताना नाही, पण जिन्याजवळ वळवताना जाणवते. तरीही चोरीच्या भीतीपुढे मी तेवढे सोसतो.

तळेगावकर

डाव्या बाजूच्या बॅगेचा विषय निघालाच आहे, तर स्टँडचेही बोलू या, कारण या दोन वस्तू एकमेकींवर अवलंबून आहेत. आपल्या सायकलींचा स्टँड डावीकडे असतो. सायकल आधीच डावीकडे कललेली, त्यात डावीकडे जड बॅग. अशा वेळी स्टँड थोडा जरी आखूड पडला तरी सायकल स्टँडवरून पलीकडे पडते. म्हणून लांबी कमीजास्त करता येईल असाच स्टँड घ्यावा आणि तो बॅग भरलेली असताना जुळवावा.

जागाही महत्त्वाची आहे. पेडलच्या मागे, मधोमध लावायचा स्टँड साध्या सायकलला ठीक आहे. ई-सायकलला मागच्या चाकातली मोटार आणि कॅरिअरवरचे सामान यांमुळे सगळा भार मागे जातो, आणि मग हँडल वळून सायकल फिरते व घसरते. मागच्या आसाजवळ, दोन ठिकाणी आवळला जाणारा स्टँड हा भार चांगला पेलतो. विजेरी यांनी केबलबद्दल दिलेला इशारा इथे तंतोतंत लागू आहे. आवळायच्या पट्ट्याखाली ब्रेकची किंवा मोटारीची केबल येत नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. आवळण्याआधी नळीला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला तर रंगही जात नाही आणि पकडही घट्ट होते.

मांडवीकिनारा

गोव्यातून लिहीत आहे. आमच्याकडे पावसापेक्षाही खारी हवा वस्तू खाते, त्यामुळे नट-बोल्टांबद्दल करवीर यांनी लिहिलेले मला फार पटले. त्यात एवढीच भर घालतो की, स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कोरडा बसवू नये. ओलावा आणि मीठ मिळाले की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो आणि दोन पावसाळ्यांनंतर बोल्ट निघता निघत नाही. आट्यांना ग्रीस लावून बसवावा. जिथे हादरे जास्त आहेत, म्हणजे कॅरिअरच्या खालच्या बोल्टना, तिथे ग्रीसऐवजी आटे धरून ठेवणारा निळा द्रव वापरावा. तोही ओलावा आत शिरू देत नाही आणि नंतर पान्ह्याने बोल्ट सुटतो. लाल द्रव वापरू नये, तो सुटण्यासाठी तापवावा लागतो.

वेताळटेकडी

दिव्यांबद्दल कोणीच लिहिलेले नाही. धागाकर्ते मुख्य बॅटरीवर दिवे लावू म्हणतात, त्याने किती अंतर कमी होईल?

विजेरी

जवळजवळ काहीच नाही. ३६ व्होल्ट गुणिले ७.८ अँपिअर-अवर म्हणजे साधारण २८० वॅट-अवर. पुढचा आणि मागचा दिवा मिळून ३ वॅट धरले, तर दोन तासांत ६ वॅट-अवर खर्च होतील, म्हणजे क्षमतेच्या दोन टक्क्यांच्या आसपास. मोटार पूर्ण जोराने चालली तर दोन मिनिटांत याहून अधिक घेते. त्यामुळे अंतर कमी होईल या भीतीने मुख्य बॅटरीवरचे दिवे टाळण्याचे कारण नाही.

मात्र वीज कुठून घ्यायची, याबाबत मी अत्यंत आग्रही आहे. काही कंट्रोलरना, म्हणजे मोटारीला जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या पेट्यांना, दिव्यासाठी वेगळी जोडणी दिलेली असते आणि डिस्प्लेवरच्या बटणाने ती चालू-बंद होते. ती असेल तर तीच वापरावी. त्या जोडणीवर काही सायकलींमध्ये ६ किंवा १२ व्होल्ट मिळतात, तर काहींमध्ये थेट बॅटरीचा विद्युतदाब येतो; आणि ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४२ व्होल्ट देते, कारण तिच्यात एकामागोमाग जोडलेले दहा सेल असतात आणि प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतो. ६ व्होल्टचा दिवा त्यावर लावला तर क्षणात जळेल. म्हणून आधी मल्टिमीटरने मोजावे आणि मगच दिवा विकत घ्यावा.

अशी जोडणी नसेल, तर बॅटरीचे आवरण उघडून किंवा तिच्या जाड तारा सोलून वीज घेण्याचा विचार कोणीही करू नये. त्या मार्गावर फ्यूज नसेल आणि तार घासून उघडी पडली, तर शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. लिथियम बॅटरीची आग घरातल्या उपायांनी आटोक्यात येत नाही. शिवाय वॉरंटी जाते ती वेगळीच.

सह्यवारा

मग जोडणी नसलेल्यांनी काय करावे?

मुळाकाठ

यूएसबीवर भारित होणारे सुटे दिवे वापरावेत. मी तेच वापरतो आणि समाधानी आहे. बॅटरी संपली म्हणून सायकल बंद पडली तरी दिवे चालू राहतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. पुढच्या दिव्याचा झोत समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून वरच्या बाजूला कापलेल्या झोताचा दिवा घ्यावा आणि तो रस्त्याकडे किंचित झुकवून लावावा. मागचा दिवा एक स्थिर आणि एक लुकलुकणारा असे दोन असावेत. लुकलुकणाऱ्यामुळे लक्ष वेधले जाते आणि स्थिर दिव्यामुळे अंतराचा अंदाज येतो.

मागचा दिवा सीटच्या नळीला लावला तर कॅरिअरवरच्या सामानामागे तो झाकला जातो. गोदाकाठ यांच्यासारखा डबा असेल तर तो पूर्णच झाकला जाईल. त्यामुळे दिवा कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर हवा. चांगल्या कॅरिअरला त्यासाठी दोन भोके दिलेली असतात.

कायदेपालक

मुळाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) प्रमाणे, मोटारीची ३० मिनिटांची शक्ती (म्हणजे ती सलग ३० मिनिटे देऊ शकते ती शक्ती) ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेले, अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले विजेवरचे दुचाकी वाहन मोटार वाहन समजले जात नाही. आपल्या पुण्यातली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही अशीच एक चाचणी संस्था. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असणे हेही त्यासाठीच्या अटींमध्ये येते. म्हणून कॅरिअर किंवा मडगार्ड बसवताना दुकानदाराने मागचा लाल रिफ्लेक्टर काढून बाजूला ठेवला असेल, तर तो मागून घ्या आणि उघड्या जागी लावा.

नवाप्रवासी

याच निमित्ताने विचारतो. वेगमर्यादा काढणारे एक उपकरण जोडवस्तू म्हणून ऑनलाइन मिळते. ते बसवणे अवघड आहे का?

कायदेपालक

ते बसवू नये. वेग २५ च्या पुढे गेला की वर सांगितलेली सूट उरत नाही. त्या क्षणापासून सायकल मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, परवाना, विमा हे सगळे लागू होते. अपघात झाला तर त्याचे परिणाम फार मोठे असतात. शिवाय तुमच्या सायकलचे ब्रेक त्या वेगासाठी बनवलेले नाहीत.

करवीर

पुन्हा मूळ विषयाकडे. मला वाटते, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही, आणि ती आहे पंक्चर. हब मोटारीचे मागचे चाक साध्या सायकलसारखे झटकन निघत नाही. केबलचा जोड सोडवावा लागतो, बहुधा १८ नंबरच्या पान्ह्याने आसाचे नट सैल करावे लागतात, आणि आसाला फिरू न देणारे दातेरी वायसर नीट लक्षात ठेवून परत त्याच दिशेने घालावे लागतात. त्यांचा दात फ्रेमच्या खाचेत बसलाच पाहिजे, नाहीतर मोटार जोर लावते तेव्हा आस फिरतो आणि केबल पिळून तुटते.

म्हणून माझा आग्रह असा की, सायकलवर जे काही बसवाल ते मागचे चाक रस्त्यावर, तुमच्याजवळच्या हत्यारांनी काढता येईल अशा रीतीने बसवा. कॅरिअरचा पाय किंवा मडगार्डाची तार आसाच्या नटाखाली कधीही अडकवू नका. फ्रेमला भोके नसली की दुकानात हा सोपा मार्ग सुचवतात. त्याने नटाची पकड कमी होते आणि प्रत्येक पंक्चरला सगळे सामान उतरवावे लागते. केबलच्या जोडाभोवतीचे केबल टाय कापता येतील असे ठेवा आणि चार-पाच जादा टाय बॅगेत टाका.

तळेगावकर

करवीर यांच्याशी शंभर टक्के सहमत. पण बहुतेक पंक्चरना चाक काढण्याचीच गरज नसते, हेही सांगायला हवे. बॅटरी काढून घ्यावी, सायकल आडवी करावी, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवावी आणि जिथे काटा किंवा तार शिरली आहे तेवढाच ट्यूबचा भाग बाहेर ओढून ठिगळ लावावे. आपल्या गल्लीतले पंक्चरवालेही हे सहज करतात. फक्त चाक न काढता करा, असे आधी सांगावे लागते.

बाभळीचे काटे आणि काचा यांपासून बचावासाठी टायर आणि ट्यूबमध्ये घालायची जाड पट्टी मिळते. मागच्या चाकाला ती जरूर घालावी. तिचे टोक ट्यूबला घासून नवीनच भोक पाडू नये म्हणून कात्रीने गोल कापून घ्यावे.

आईसायकलवाली

कॅरिअरवर लहान मुलाची बैठक लावता येईल का? मुलगी तीन वर्षांची आहे.

उत्रेख्तनिवासी

कॅरिअरवर 'मुलाच्या बैठकीस योग्य' असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच. २५ किलोची मर्यादा सामानासाठी असते. हलणाऱ्या जिवंत भारासाठी ती आपोआप लागू होत नाही. सामान्यतः मागच्या बैठका २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठी असतात, आणि त्यात बैठकीचे स्वतःचे वजन मिळवून कॅरिअरची मर्यादा पाहावी लागते. फ्रेमच्या उभ्या नळीला आवळली जाणारी बैठक अधिक सुरक्षित वाटते, पण ती घेण्याआधी नळीचा आकार गोल आहे का ते पाहा. पाय चाकात जाऊ नयेत म्हणून पायांना पट्टे आणि बाजूला संरक्षक पत्रा हवाच. आणि मूल बैठकीत असताना सायकल स्टँडवर सोडून क्षणभरही दूर जाऊ नये.

वेताळटेकडी

कुलपाबद्दल दोन शब्द. यू आकाराचे पोलादी कुलूप फ्रेम आणि मागचे चाक मिळून एखाद्या पक्क्या खांबाला लावावे, आणि पुढच्या चाकातून एक तारेचे कुलूप घालावे. बॅटरी मात्र कुलपाच्या भरवशावर बाहेर ठेवू नये. ती काढून टेबलाजवळ न्यावी. तिथे उन्हातही ती तापत नाही. बॅटरीच्या किल्लीवर कोरलेला क्रमांक कुठेतरी लिहून ठेवावा, कारण किल्ली हरवल्यास नवी करताना तोच लागतो.

बॅटरी काढल्यावर तिच्या रिकाम्या बैठकीतली धातूची टोके पावसात उघडी राहतात. त्यावर पाणी न शिरणारे झाकण किंवा जाड प्लास्टिकची पिशवी रबराने बांधावी. बॅटरी परत बसवण्यापूर्वी टोके कोरड्या फडक्याने पुसावीत.

धायरीवासी

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्यामुळे दुकानदाराचा संच घेण्याचे टाळले. पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि डिस्क ब्रेकसाठीचे, बाहेर वळलेल्या पायांचे कॅरिअर वेगवेगळे शोधून घेतले आणि ओळखीच्या मेकॅनिककडे शेजारी उभे राहून बसवून घेतले. मागच्या आसाजवळचा स्टँडही लागला. आसाच्या नटाखाली काहीही अडकवलेले नाही. केबलचे खालचे वळण कायम आहे. कंट्रोलरला दिव्याची जोडणी आहे, पण मल्टिमीटरवर ती थेट बॅटरीचा दाब दाखवते. त्यामुळे तेवढा दाब सोसणारा दिवा मिळेपर्यंत यूएसबीचे दिवे वापरतो आहे. बॅग एकच, डाव्या बाजूला लावली आहे.

एक अडचण उरली आहे. राजाराम पुलाकडच्या खडबडीत पट्ट्यावर मागून सतत खडखड आवाज येतो. सगळे बोल्ट आवळून पाहिले, तरी तो जात नाही.

मुळाकाठ

बॅग रिकामी असताना येतो की भरलेली असताना?

धायरीवासी

रिकामी असताना अधिक येतो.

करवीर

मग तो बोल्टांचा नसून बॅगेच्या आकड्यांचा असण्याचा संभव अधिक. उत्रेख्तनिवासी यांनी आधीच लिहिले आहे की, आकडा सळईच्या जाडीला घट्ट बसला पाहिजे. बहुतेक बॅगांसोबत आकड्यात बसवायचे प्लास्टिकचे छोटे तुकडे येतात. ते नसतील तर कॅरिअरच्या सळईवर, आकडे टेकतात तेवढ्याच जागी, जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. आवाज तरीही राहिला तर मडगार्डाच्या तारा जिथे कॅरिअरच्या पायाजवळून जातात ती जागा पाहा. दोन्ही एकमेकांना टेकत असतील तर मध्ये केबल टाय अडकवून त्या वेगळ्या करा. आणि पहिल्या आठवड्यानंतर कॅरिअरचे चारही बोल्ट पुन्हा एकदा पान्ह्याने तपासा, कारण नवीन रंगावर बसलेला बोल्ट रंग दबला की थोडा सैल होतोच.

धायरीवासी

ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि आवाज बंद झाला. मडगार्डाची उजवीकडची तारही कॅरिअरच्या पायाला टेकत होती, तीही वेगळी केली. ४२ व्होल्ट सोसणारा पुढचा दिवा तपकीर गल्लीत किंवा अन्यत्र कोणी घेतला असेल, तर त्याच्यावर छापलेली व्होल्टची मर्यादा आणि झोताचा आकार कसा आहे, ते कृपया येथेच लिहावे.